तिसऱ्या फेरीची मोजणी

करुणा ओहोळला त्या दिवशी दोनदा जेवावं लागलं आणि चार वेळा चहा घ्यावा लागला. या पाहुणचारामागे काही डाव असेल अशी शंका तिला दुपारी तीन वाजेपर्यंत आली नाही. पोट भरलं की अक्कल जरा सुस्तावतेच, त्यात तिचा फारसा दोष नव्हता.

२००३ सालचा डिसेंबर होता. करुणा दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. वडील मच्छिंद्र ओहोळ रेल्वेत फिटर होते. बी.कॉम. झाल्यावर तिला पुण्याच्या एका संस्थेत पाहणीचं काम मिळालं, आणि काम वरवर पाहता सोपं होतं. शिरूरला जुन्या एसटी स्टँडजवळ, एका खताच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं उद्योग मदत केंद्र होतं. एक टेबल, एक फोन आणि नवनाथ सर. गावोगावच्या लहान उद्योगांना सल्ला द्यायचा, रांजणगावच्या कंपन्यांत कुणाला भेटायचं ते सांगायचं, माल कसा तपासावा आणि वेळेवर कसा पोचवावा ते शिकवायचं, एवढं त्या केंद्राचं काम. खर्च बाहेरून यायचा, तोही तीन वर्षांपुरता. ज्यांच्याकडून तो यायचा त्यांना साहजिकच जाणून घ्यायचं होतं, की या सल्ल्यानं कुणाचं काही भलं होतं की नुसत्याच बैठका होतात.

म्हणून करुणा. दर डिसेंबरात ठरलेल्या उद्योगांकडे जायचं आणि आठ पानी फॉर्म भरायचा. मशीन किती, कामावर माणसं किती, स्वतःचा जनरेटर आहे का. ऐकून काही लिहायचं नाही. डोळ्यांनी बघायचं, बोटांनी मोजायचं, मग लिहायचं. दौंड तालुक्यात जिथं असं केंद्र नव्हतं तिथलेही तेवढेच उद्योग ती तुलनेसाठी मोजून यायची. तीन वर्षांत शिरूरकडचे आकडे दौंडकडच्यांपेक्षा जास्त चढले तर मदत कामाची. नाही चढले तर मार्चअखेर केंद्राला कुलूप.

ही शेवटची गोष्ट उद्योगवाल्यांना सांगायची नाही असा नियम होता. पण नियम पुण्यात तयार होतो आणि शिरूरला पोचेपर्यंत त्याची बातमी झालेली असते.

तिसऱ्या आणि शेवटच्या फेरीत मांडवगण फराट्याचे तीन उद्योग तिनं एकाच दिवशी घ्यायचे ठरवले, आणि लोकांची गैरसोय होऊ नये म्हणून आठवडाभर आधी तिघांनाही कार्ड टाकून वेळ कळवली. दहाला हौसराव, साडेबाराला गेणबा, तीनला साळूबाई. एवढा सभ्यपणा करायला नको होता.

हौसराव म्हणजे चांगली पंधरा एकर बागायत असलेल्या घरातला माणूस. भावांच्या हाती शेती देऊन यानं रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली होती. कंपन्यांना लागणाऱ्या लोखंडी ट्रॉल्या तो बनवायचा. मागच्या वर्षी त्याच्याकडे तीन माणसं होती. आज शेडमध्ये सहा जण होते आणि सगळे भलतेच कामात होते. त्यातला एक म्हातारा जांभळा स्वेटर घालून कोपऱ्यात बसला होता आणि वेल्डिंगची काच हातानं डोळ्यांपुढे धरून होता. त्याच्यासमोर वेल्डिंग मात्र कुणी करत नव्हतं.

दाराशी हिरवा जनरेटर उभा होता. वर कुंकवाचं स्वस्तिक आणि दसऱ्याची झेंडूची माळ, वाळून खडंग झालेली.

"नवा घेतला, दादा?"

"घेतला की. लाईट कुठं असती म्याडम. दिवसातनं सा तास भारनियमन म्हंजी माणसानं काय हातानं लोखंड चावायचं का?" हौसराव म्हणाला. "पर आधी जेवून घ्या. सीमानं पुरणाचं केलंय."

अकरा वाजता कुणी जेवतं का, पण सीमावहिनींनी ऐकलं नाही. त्यांनी करुणाला शेजारी बसून वाढलं. प्रत्येक पोळीला "आजून एक घ्या ताई" म्हणाल्या आणि प्रत्येक वेळी खिडकीतून रस्त्याकडे बघितलं. जेवण आटोपल्यावर हौसराव म्हणाला, पाच मिनिटं टेका. ती पाच मिनिटं चांगली पाऊणतास चालली.

गेणबा मामांचा लाकडी खोक्यांचा कारखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. कारखाना म्हणजे चिंचेखालचा मांडव आणि एक कटर. मामांच्या चेहऱ्यावर कायम कुणीतरी गेल्यासारखा भाव असे, आज तो जास्तच होता. पाच माणसं खिळे ठोकत होती. त्यांच्यात एक पाठमोरा म्हातारा खिळे निवडत बसला होता, अंगात जांभळा स्वेटर. करुणानं मनाशी म्हटलं, शिरूरच्या बाजारात एकाच रंगाचा गठ्ठा आला असेल. मांडवाच्या कडेला काहीतरी पोत्याखाली झाकलेलं होतं. मामांनी पोतं उचललं, हिरवा जनरेटर दाखवला आणि पोतं परत टाकलं. त्यावरही झेंडूची माळ होती. दसऱ्याला सगळेच यंत्रांना माळ घालतात, असं म्हणून तिनं रकान्यात 'आहे' लिहिलं.

"जेवल्याबिगर न्हाई जायचं," मामा खिन्नपणे म्हणाले.

तिनं परोपरीनं सांगून पाहिलं. शेवटी अर्धी भाकरी आणि पिठलं कसंबसं ढकललं. मांडवाच्या मागे एक तीनचाकी टेम्पो फटफटत सुरू झाला आणि कालव्याच्या चारीकडेच्या रस्त्यानं निघून गेला. मामांनी तेवढ्यात मोठमोठ्यानं खोकून घेतलं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना ती वस्तीत साळूबाईच्या घरी पोचली.

साळूबाई कंपनीतल्या कामगारांचे सुती हातमोजे शिवायची. पन्नाशीची, बारीक, ताठ बांध्याची बाई. नवरा लवकर गेला, एका मुलीचं लग्न केलं, आणि घरापुढे पत्र्याची पडवी काढून तिथं मशीनी मांडल्या. करुणाला ती पहिल्या फेरीपासून आवडायची. तिचं बोलणं ऐकून दौंडला घरी बसल्यासारखं वाटायचं.

"जय भीम, मावशी."

"जय भीम. ये बाय. पाणी घे." साळूबाईचा आवाज आज चोरट्यासारखा येत होता.

पडवीत सहा मशीनी होत्या. मागच्या वर्षी तीन होत्या. सहा बायका माना खाली घालून शिवत होत्या, आणि त्यातल्या तिघींच्या अंगावर ठेवणीतल्या साड्या होत्या. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मोज्यांचे गठ्ठे. गठ्ठ्यांशेजारी एक म्हातारा घड्या घालत बसला होता. जांभळा स्वेटर. आणि उंबऱ्याबाहेर हिरवा जनरेटर.

करुणा जनरेटरजवळ गेली. कुंकवाचं स्वस्तिक. झेंडूची वाळकी माळ.

आता साळूबाईच्या घरी यंत्राला हळदकुंकू लागत नाही, हे करुणाला कुणी सांगायची गरज नव्हती. ते तिच्या स्वतःच्या घरीही लागत नव्हतं. दौंडच्या कॉलनीत दसऱ्याला त्यांची माणसं पांढरे कपडे घालून विहारात जायची. म्हणजे हा सकाळचाच जनरेटर होता. हौसरावांच्या माणसांनी तो टेम्पोतून उतरवला, पुसला, तेल बघितलं, दोरी ओढून पाहिली. माळ तेवढी काढायची राहिली. त्यांच्या डोळ्यांना ती माळ दिसलीच नसणार, यंत्राचाच भाग वाटली असणार.

ती पाट ओढून बसली आणि फॉर्म उघडला. कामावरच्या प्रत्येकाचं नाव आणि 'घरचं की बाहेरचं' असा रकाना होता. पाच जणी झाल्या. सहावी टोकाच्या मशीनवर होती. पदर नाकापर्यंत ओढलेला, पाय झपाझप चालत होते, पण सुईत दोराच नव्हता.

"नाव काय ताई?"

मशीन आणखी जोरात वाजलं.

"सीमा."

हा आवाज सकाळी तिला चार वेळा पोळी घ्या म्हणाला होता.

"घरच्या की बाहेरच्या?"

"घरचीच." पदराआडून उत्तर आलं. मग, एवढ्यानं भागणार नाही असं वाटून, "भाची हाय मी त्येंची."

करुणाचं पेन थांबलं. दोन वर्षांपूर्वीची पहिली फेरी तिला आठवली. तेव्हा तिनं हौसरावांच्या शेडमध्ये विचारलं होतं, की हातमोजे शिवणाऱ्या साळूबाई कुठं राहतात. शेडपासून ही पडवी तीनशे पावलांवर. हौसराव म्हणाला होता, 'त्या वस्तीतल्या बायांचं आमाला काय ठावं? पल्याड इचारा.' उद्धटपणे नव्हे, साध्या सरळपणे. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिला चहा मिळाला होता तो शेडबाहेर, काचेच्या ग्लासात, हॉटेलातून मागवलेला. आणि आज त्याच घरची सून बौद्ध वस्तीतल्या पडवीत बसून, बिनदोऱ्याचं मशीन चालवत, स्वतःला साळूबाईची भाची म्हणवत होती.

करुणाला राग आला नाही. तिनं फॉर्म मिटला आणि म्हाताऱ्याकडे वळली.

"आबा, दमला असाल. सकाळपासून काम करताय."

म्हस्कू आबा, गेणबाचे चुलते, भोळा जीव. त्यांनी मनापासून मान हलवली. "दमायचं कशानं, पोरी. दिसभर टेम्पोतच तर बसून हाय."

पडवीतल्या सगळ्या मशीनी एकदम थांबल्या. साळूबाईनं कपाळाला हात लावला. आबांना आपलं काय चुकलं ते कळलं नाही, त्यांनी निवांतपणे पुढच्या मोज्याची घडी घातली.

करुणाला हसू फुटलं. आधी तिनं ते दाबलं, मग तिला ते आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली, आणि ते सगळं पाणी हसण्याचंच होतं असं नाही.

"मावशी," ती म्हणाली, "मला गेल्या वर्षी एक स्थळ आलं होतं. बारामतीकडचं. ते बघायला येणार म्हटल्यावर आमच्या आईनं, भागुबाईनं, अख्खी कॉलनी कामाला लावली. गार्डसाहेबांच्या घरचे पडदे आले, शेजारच्या काकूंचा टीव्ही आला, आणि खालच्या मजल्यावरून चार माणसांनी फ्रिज चढवला. मुलाच्या वडलांनी गार पाणी मागितलं. मी उठले, फ्रिज उघडला, तर आत शेजारच्या काकूंच्या चपला."

सीमावहिनींच्या पदराआडून हसू ऐकू आलं. त्यांनी पदर मागे टाकला.

"मग जमलं का गं?" साळूबाईनं विचारलं.

"नाही जमलं. पण फ्रिज चढवणारी माणसं मला अजून आठवतात."

मग साळूबाई तिच्यासमोर जमिनीवरच बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. केंद्र बंद होणार, आकडा चढला नाही तर नवनाथ सरांची नोकरी जाणार, हे शिरूरला त्यांच्या कानावर आलं होतं. सरांना यातलं काही माहीत नव्हतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर सगळ्यांना केंद्रात बोलवायचे. मागच्या शनिवारी सर खाली चहा सांगायला गेले तेवढ्यात हौसराव, गेणबा आणि साळूबाईनं हा बेत केला होता. जादा तीन मशीनी हौसराव आणि गेणबाच्या घरांतून आल्या होत्या.

"पण मावशी, तीन वर्षं सर येतायत. खरोखरच मशीन वाढलं का नाही तुमचं?"

"अगं, त्येंनीच वाढू दिलं न्हाई." साळूबाईचा आवाज चढला. "दोन सालामागं एक मानूस आला व्हता. म्हनला, कंपनीची मोठी आर्डर हाय, आजून तीन मशीनी घे. मी तयार झाले. तर सरांनी मला त्येंच्या यम-एटी गाडीवर बसवलं आन् कंपनीच्या गेटावर नेलं. चार तास उभं ऱ्हायलो आमी. आतला सायेब भेटला तवा कळलं, आर्डर दोन म्हयन्यांचीच व्हती. सर म्हनले, मावशी, न्हाई म्हना. घेतल्या असत्या तर आज सा मशीनी असत्या. तीन गंजल्याल्या."

करुणानं हे लिहायला जागा शोधली. 'मशीन वाढल्या का' असा प्रश्न होता. 'न घेतलेल्या मशीन' असा रकाना नव्हता.

"आन् माझी मान बघ." साळूबाईनं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. पहिल्या फेरीला तिच्या गळ्यात पट्टा होता, आणि बोलताना ती अख्खं अंग वळवायची. "ह्ये टेबल बघ. कापड बेतायचं. मी जमिनीवर बसून बेतायचे. सरांनी शनवारी हौसरावांना इचारलं, बाईला उभ्यानं बेतायला टेबल करता का? त्ये फीत घिऊन हितं आले. दारात उभं ऱ्हाऊन म्हनले, मावशी, कोपर वाकवा, उंची घेतो. त्या दिवसापोतर त्यो मानूस आमच्या वस्तीत आला नव्हता. टेबल आलं आन् सा म्हयन्यात पट्टा सुटला."

टेबल मशीनमध्ये धरत नाहीत. मानेचा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.

"माल परत येत न्हाई आता. सांजचे सा वाजले की मशीनीवरनं उठतो आमी. मंग, बाय, यवढं कर. सा लिही. कुनाचं काय जातंय?"

कुणाचं काय जात होतं, हे करुणालाही नीट सांगता आलं नसतं. पुण्यात कुणी ताळा करायला येणार नव्हतं. सहाचा आकडा लिहायला तीनपेक्षा जास्त शाई लागत नाही. तिला तो लिहायचा होता, अगदी मनापासून लिहायचा होता. तिनं पेनाचं टोपण काढलंही.

तेवढ्यात बाहेर एम-एटी थांबली. करुणाला न्हावऱ्याच्या एसटीपर्यंत सोडायचं म्हणून नवनाथ सर आले होते. पस्तिशीचा, केस लवकर मागे हटलेला, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं असलेला माणूस. त्यांनी दारातला जनरेटर बघितला, माळ बघितली, सीमावहिनींना बघितलं, आणि म्हस्कू आबांनी त्यांना राम राम घातला. त्यांना काही विचारावं लागलं नाही. त्यांचे कान लाल झाले. मग पडवीत येऊन गठ्ठ्यातला एक मोजा उचलला आणि त्याची शिवण बोटांनी चाचपत राहिले.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "तपासताना खराब जोड निघाला तर कुठं ठेवायचा?"

साळूबाई गठ्ठ्याची दोरी सारखी करू लागली.

"सांगा की."

"बाजूला."

"आणि चांगल्यात मिसळला तर?"

"आख्खा गठ्ठा परत येतो."

"मग?"

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. "पर तुमी कुठं जानार, सर?"

"ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही," नवनाथ सर म्हणाले. त्यांना हसायचं होतं, ते जमलं नाही. त्यांनी मोजा गठ्ठ्यावर ठेवला आणि बाहेर जाऊन गाडीपाशी, सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले.

करुणानं लिहिलं. मशीन तीन. माणसं तीन. जनरेटर नाही. गेणबा मामांच्या आणि हौसरावांच्या फॉर्मवरचे आकडेही तिनं खोडून खरे केले. हौसरावांचा जनरेटर तेवढा खरा होता, तो राहिला. सीमावहिनी तिच्या हाताकडे बघत होत्या. कुणी अडवलं नाही.

शेवटच्या पानावर 'शेरा' म्हणून दोन ओळींची जागा होती. तिथं तिनं बारीक अक्षरात लिहिलं, "तिन्ही उद्योगांनी आज माणसं, मशीन व जनरेटर एकमेकांना दिला. केंद्र सुरू झालं तेव्हा हे लोक एकमेकांच्या दारात जात नव्हते. हे कुठल्या रकान्यात लिहावं कळलं नाही म्हणून इथं लिहिलं." दोन ओळींच्या तीन झाल्या.

जानेवारीत पुण्याच्या ऑफिसात पाहणीचं काम बघणाऱ्या मॅडमनी तिला बोलावलं. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी शेरा वाचला होता, दोनदा वाचला असं म्हणाल्या. पण कॉम्प्युटरमध्ये आकडेच घेतात, आणि या ओळीला आकडा कोणता द्यायचा ते त्यांनाही सुचत नव्हतं. "तूच सांग," त्या म्हणाल्या. अहवालात आलं, की शिरूरकडच्या उद्योगांत दौंडकडच्यांच्या मानानं लक्षणीय वाढ दिसली नाही. ते वाक्य खोटं नव्हतं. ३१ मार्चला खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांना कुलूप लागलं.

एप्रिलभर करुणाला मांडवगणला जावंसं वाटायचं आणि तोंड दाखवायची लाज वाटायची. आपण सहा लिहिलं असतं तर, हा विचार भाजी चिरताना यायचा, गाडीची वाट बघताना यायचा. आई म्हणाली, जा एकदाची, चार शिव्या खाऊन ये, जेवण तरी गोड लागंल. मेच्या पहिल्या आठवड्यात, गुरुवारी, तिनं सुट्टी घेतली आणि न्हावऱ्यावरून मांडवगणला गेली. या वेळी कुणाला कळवलं नाही.

पडवीबाहेर एम-एटी उभी होती.

आत बेतायच्या टेबलाभोवती हौसराव, गेणबा मामा आणि नवनाथ सर बसले होते. सरांच्या अंगात रांजणगावच्या एका कंपनीच्या स्टोअरकीपरचा निळा शर्ट होता, खिशात दोन पेनं. ते गेणबा मामांना खोक्याच्या फळीची जाडी समजावत होते आणि मामा नेहमीच्या सुतकी चेहऱ्यानं ऐकत होते. करुणाला बघून सर उठले.

"आज गुरुवार ना?" तिला एवढंच सुचलं.

"सरांची सुट्टी गुरवारची असती," हौसराव म्हणाला. "म्हनून आमी शनवारची बैठक गुरवारी नेली. म्हयन्यातनं एक गुरवार. कुनाचा पगार न्हाई, कुनाचा फोन न्हाई. बसा म्याडम. जेवायचा आग्रह न्हाई करनार."

नवनाथ सर ओशाळून हसले. "मी सांगितलं यांना, आता केंद्र नाही. ऐकतच नाहीत."

करुणा दाराशीच उभी राहिली. मग जे डिसेंबरपासून मनात अडकलं होतं ते बोलून गेली. "मावशी, मी सहा लिहिलं असतं तर केंद्र राहिलं असतं."

साळूबाईनं तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि करुणाची समजूत काढायची घाईही नव्हती. "ऱ्हायलं असतं बी," ती म्हणाली. "सरांचं वंगाळ वाटतंय, खोटं कशाला बोलू. पर तू खोटं लिवलं असतंस तर आज हितं आली नसतीस. हिकडं ये."

तिनं करुणाचा हात धरून तिला मशीनींपाशी नेलं. आता चार होत्या. चौथीवर सीमावहिनी बसल्या होत्या, रोजच्या साडीत, पदर खोचलेला. सुईत दोरा होता. शिवण वाकडी चालली होती आणि त्या जीभ दातांत धरून ती सरळ करायला बघत होत्या. त्या दिवशी खोटं खोटं मशीन चालवलं, तेव्हा पायाला त्याची गोडी लागली, असं त्यांनी मान वर न करता सांगितलं. पाडव्यापासून दुपारच्या येत होत्या. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत, नवव्या दिवशी त्यांनी स्वतःचं मशीन टेम्पोत घालून पाठवलं.

"चौथी हाय," साळूबाई म्हणाली. "खरीखुरी. लिहितीस का?"

करुणानं सवयीनं पिशवीत हात घातला आणि मग काढून घेतला. "आता फॉर्म नाही, मावशी. मोजणी संपली."

"व्हय का," साळूबाई म्हणाली. तिनं पाट पुढे सरकवला. "मंग नुसतं बस. आन् बघ."